केबिनमधला टीव्ही आणि माईंची कॅसेट

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या सभागृहात झालेल्या 'सहलीचे अनुभव' या कार्यक्रमातील भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सेक्रेटरींनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिला आहे. विषय असा की, क्रूझवर गेल्यावर केबिनमधल्या टीव्हीला आपला मोबाईल, लॅपटॉप किंवा पेनड्राइव्ह कसा जोडायचा. आता तुम्ही म्हणाल, समुद्रावर जायचं आणि टीव्ही कसला बघायचा? बरोबर आहे. पण गेल्या डिसेंबरात आपल्या सोसायटीतले आम्ही अकरा जण मुंबई-गोवा क्रूझला जाऊन आलो, तेव्हापासून जिन्यात भेटेल तो हाच प्रश्न विचारतो. पुढच्या तुकडीत बावीस जण आहेत. म्हटलं, बावीस वेळा जिन्यात उभं राहण्यापेक्षा एकदाच माईकवर सांगून टाकू.

माझी ओळख जुन्या सभासदांना आहे. नव्यांसाठी सांगतो. डोंबिवली पश्चिमेला स्टेशनजवळ माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. अडतीस वर्षं चालवलं. मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. तेव्हा मी शाळेत होतो. मी धंद्यात आलो तेव्हा कृष्णधवल टीव्हीचे दिवस संपत आले होते आणि रंगीत टीव्ही घरोघरी येऊ लागला होता. गच्चीवर चढून अँटेना वरळीच्या दिशेने फिरवायचा आणि खाली ओरडून विचारायचं, "आलं का?" खालून उत्तर यायचं, "आलं, आलं... गेलं!" त्यानंतर व्हीसीआर आला, केबल आली, सेट-टॉप बॉक्स आला, आता सगळं भिंतीवर चिकटलेलं असतं. माझ्या हाताखालून किती टीव्ही गेले याची मोजदाद नाही. हे सांगण्याचं कारण बढाई मारणं नाही. या बढाईनेच जहाजावर माझी फजिती केली, ते पुढे येईलच.

जहाजाचं नाव मी घेत नाही. घोळ माझा होता, जहाजाचा नव्हता.

आमच्या अकरा जणांत तळमजल्यावरचे नाना होते. आपल्या सोसायटीचे पहिले अध्यक्ष. वय वर्षं 84. नाना दहा वर्षांचे असताना विजयदुर्गहून बोटीने मुंबईला आले. त्या काळी कोकणातला माणूस बोटीनेच यायचा. बंदरात बोट लांब उभी राहायची, पडावातून तिच्यापर्यंत जायचं, डेकवर घोंगडी पसरायची, रात्रभर उलट्या करायच्या आणि सकाळी मुंबई दिसली की सगळं विसरायचं. नंतर रस्ते झाले, 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि बोटीची आठवण म्हाताऱ्यांपुरती उरली. 2018 मध्ये 'आंग्रिया' ही मुंबई-गोवा बोट सुरू झाली, तेव्हा नाना म्हणाले होते, "एकदा जायचं." माई म्हणाल्या होत्या, "गुडघे परवानगी देतील तर." ते राहून गेलं. दोन वर्षांपूर्वी माई गेल्या.

सहल ठरली तेव्हा नानांच्या पुण्याच्या मुलीने मला एक कॅसेट आणून दिली. माळ्यावर सापडली होती. जुनी व्हीएचएस, वर माईंच्या अक्षरात लिहिलेलं, 'सोसायटीचा पहिला गणपती, 2001'. ती म्हणाली, "काका, बघा चालते का. बोटीवर असताना बाबांच्या लग्नाचा वाढदिवस येतोय. त्यांना सांगू नका. तिथेच दाखवा." नानांच्या डोळ्यांत रेटिनाचा त्रास आहे. मोबाईलवरचं चित्र त्यांना अजिबात दिसत नाही. मोठ्या टीव्हीसमोर अगदी जवळ खुर्ची घेऊन बसले, तर दिसतं. मोठी अक्षरंही वाचता येतात. ऐकूही कमी येतं. म्हणजे टीव्ही हवाच होता. चैन म्हणून नव्हे.

कॅसेटला पांढरी बुरशी लागली होती. आपल्याकडच्या पावसात हे होतंच. अशी कॅसेट कृपा करून तशीच व्हीसीआरमध्ये घालू नका, बुरशी हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटही खराब होतात. मी ती उघडली, कोरडी केली, हळूहळू साफ केली आणि लॅपटॉपवर उतरवून घेतली. चित्र थोडं थरथरत होतं, पण आवाज स्वच्छ. एक तास दहा मिनिटांचं शूटिंग. ते मी पेनड्राइव्हवर घेतलं आणि खुशीत म्हटलं, झालं काम! टीव्हीच्या मागे पेनड्राइव्ह लावायचा, इतकंच तर आहे.

आता पहिला धडा. बॅलार्ड पिअरला सामान तपासणीच्या यंत्रातून जातं. तिथे माझ्या बॅगेतला एक्स्टेंशन बोर्ड बाजूला काढला. सौ.ला रात्री झोपताना श्वासाचं मशीन लागतं, त्याची वायर पलंगापर्यंत पोहोचावी म्हणून मी चांगला महागातला, सर्ज प्रोटेक्टरवाला बोर्ड घेतला होता. त्यांनी पावती दिली आणि म्हणाले, उतरताना परत मिळेल. मी वाद घालायला लागलो. "अहो, हा सुरक्षेसाठीच असतो!" तर तो मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, जमिनीवर."

त्याचं म्हणणं बरोबर होतं आणि ते मला, वायरमनच्या पोराला, कळायला हवं होतं. सोपं करून सांगतो. आपल्या घरात येणाऱ्या दोन तारांपैकी न्यूट्रल ही ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीत अर्थ केलेली असते. म्हणून टेस्टर एकाच भोकात लागतो. पुष्कळ जहाजांवर तसं नसतं. दोन्हींपैकी एकही तार जहाजाच्या लोखंडी सांगाड्याला बांधलेली नसते. कारण एखादी तार चुकून लोखंडाला टेकली, तर लगेच फ्यूज उडून पंप किंवा सुकाणू बंद पडता कामा नये. तिथे नुसता इशारा मिळतो आणि इंजिनिअर दोष शोधत राहतो. आपल्या बोर्डातला सर्ज प्रोटेक्टर मात्र तारेपासून अर्थपर्यंत बसवलेला असतो. जहाजाच्या वीजव्यवस्थेत त्यातून करंट झिरपू शकतो, तो तापतो आणि पेटूही शकतो. शिवाय आपल्या बोर्डाचं बटण एकच तार तोडतं, दुसरीत दाब राहतोच. अमेरिकेच्या कोस्ट गार्डने 2013 मध्ये याबद्दल मुद्दाम धोक्याची सूचना काढली होती. भर समुद्रात आग लागली तर अग्निशमन दलाची गाडी येत नाही, मंडळी. म्हणून सर्ज प्रोटेक्टर नेऊ नका. साधा बोर्डही पुष्कळ ठिकाणी चालत नाही. इस्त्री, किटली, पाणी तापवायची रॉड यांचं तर नावच काढू नका.

मग सौ.च्या मशीनचं काय झालं? रिसेप्शनवर जाऊन सांगितलं. त्यांनी जहाजाचा स्वतःचा मंजूर केलेला बोर्ड दहा मिनिटांत केबिनवर पाठवला. फुकट. बुकिंगच्या वेळीच सांगितलं असतं, तर तो आधीपासून तिथे असता. ज्यांना असं मशीन आहे त्यांनी हे बुकिंग करतानाच कळवा. हे टीव्हीपेक्षा महत्त्वाचं आहे.

प्लगचंही सांगून ठेवतो. केबिनमध्ये बहुधा दोन प्रकारचे सॉकेट असतात. एक अमेरिकन, चपट्या पायांचं, 110 व्होल्टचं. दुसरं युरोपातलं, दोन गोल भोकांचं, 220 व्होल्टचं. आपली तीन पिनांची टॉप दोन्हींत बसत नाही. मोबाईल चार्जरची दोन बारीक गोल पिनांची टॉप युरोपच्या सॉकेटमध्ये बसते. चार्जरवर बारीक अक्षरात '100-240' लिहिलेलं असेल तर दोन्ही व्होल्टेज चालतात. नातवाकडून वाचून घ्या. लॅपटॉपची तीन पिनी टॉप असेल तर साधा कन्व्हर्टर लागतो, तो इथे स्टेशनबाहेर मिळतो.

आता मुख्य विषय, टीव्ही.

पहिल्या रात्री मी पेनड्राइव्ह घेऊन नानांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांच्याबरोबर दुसऱ्या मजल्यावरचे तात्या होते. ते दोघे डेकवर गेलेले, मला चावी देऊन. म्हटलं, आज जोडणी तपासून ठेवू, वाढदिवस परवा आहे. रिमोट हातात घेतला. त्यावर 'सोर्स' किंवा 'इनपुट' हे बटणच नाही! टीव्हीच्या कडेला हात घालून बटण शोधलं. सापडलं, पण दाबून काही होईना. हॉटेल आणि जहाजांचे टीव्ही दिसायला आपल्या घरातल्यासारखे असले, तरी त्यांच्यात एक वेगळी सोय असते. तिला हॉटेल मोड म्हणतात. मालक ठरवतो की आवाज किती वाढेल, कुठलं चॅनल आधी लागेल आणि कुठलं भोक चालू राहील. बाकी सगळं कुलूपबंद. एका विशिष्ट रिमोटशिवाय ते उघडत नाही. पेनड्राइव्ह लावला, दिवाही पेटला नाही.

मग मोबाईलवरून पाठवून बघितलं. घरी आपण मोबाईलचं चित्र टीव्हीवर फेकतो, त्यासाठी बहुतेक वेळा दोन्ही एकाच वायफायवर असावे लागतात. जहाजाच्या वायफायवर प्रत्येक यंत्र दुसऱ्यापासून वेगळं ठेवलेलं असतं, एकमेकांना दिसतच नाहीत. आणि टीव्हीला लावायची ती काडी घेऊन गेलात, तर जहाजाच्या वायफायचं लॉगिनचं पान पुष्कळदा तिला भरता येत नाही. कोणी म्हणेल, छोटा राऊटर नेतो. पुष्कळ जहाजांवर राऊटर जप्त करतात.

इथे शहाण्या माणसाने थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. अडतीस वर्षं टीव्ही उघडलेला माणूस, रिमोटपुढे हरतो म्हणजे काय! टीव्ही भिंतीवरच्या फिरत्या स्टँडवर होता. पुढे ओढला, मागे हात घातला. एचडीएमआयचं एक भोक दिसलं, त्यात आधीच वायर होती. मागे एक छोटा डबा, त्यातून ती येत होती. म्हटलं, हीच काढू आणि आपली लावू. काढली. माझी लॅपटॉपची वायर लावली. टीव्हीने ती घेतली नाही. मग जुनी वायर परत लावायला गेलो तर अंधारात ती नीट बसेना. हाताला घाम. बाहेर पावलं वाजली. मी घाईघाईत ढकलली, टीव्ही मागे लोटला आणि बाहेर पडलो. पडद्यावर काय आहे ते बघितलंसुद्धा नाही.

पडद्यावर होतं 'नो सिग्नल'.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज मुरगावला लागलं. उतरण्याची वेळ एक तास पुढे ढकलली होती. ती सूचना स्पीकरवरून दिली आणि प्रत्येक केबिनच्या टीव्हीवर मोठ्या अक्षरात लिहून आली. तात्या पहाटेच डेकवर योगासनं करायला गेले होते. नानांना स्पीकर ऐकू आला नाही. आणि त्यांचा टीव्ही मी बंद पाडलेला. 84 वर्षांचा माणूस बूट चढवून, डोक्यावर टोपी घालून, काठी धरून जिन्यापाशी एक तास उभा राहिला. मी नाश्ता करून खाली आलो तेव्हा ते म्हणाले, "कोणीच दिसेना रे. मला वाटलं, मी राहिलो मागे."

मंडळी, ते वाक्य मी आजही विसरलो नाही.

तेव्हा मला नीट समजलं की केबिनमधला टीव्ही आपला नसतो. आपण त्याला आपला समजतो, कारण तो आपल्या पलंगासमोर असतो. खरं तर तो आपल्या जिन्यातल्या दिव्यासारखा आहे. दिवा माझ्या दारासमोर लागतो, पण तो सगळ्यांचा असतो. मला उजेड जास्त वाटतो म्हणून मी बल्ब काढला, तर चौथ्या मजल्यावरची आजी पडेल. जहाजावर त्या पडद्यावर सुरक्षिततेची फिल्म लागते, धोक्याच्या वेळी कुठे जमायचं ते दाखवतात, हवामान येतं, वेळा येतात. 2012 च्या जानेवारीत इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे मोठं प्रवासी जहाज खडकावर आपटलं, 32 माणसं गेली. त्यात शेवटच्या बंदरावर चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची सुरक्षा कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि 2015 पासून जहाज निघण्याआधी किंवा निघताच ही कवायत घ्यावीच लागते. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला त्या पडद्याचा केवढा आधार आहे, हे मला नानांच्या बुटांकडे बघून कळलं.

आपण फ्लॅटमधली भिंत फोडायची तर सोसायटीचं ना हरकत पत्र घेतो. निदान घ्यायला हवं! (हशा) मग परक्याच्या घरी, तेही पाण्यावर तरंगणाऱ्या घरी, मी न विचारता मागून वायर ओढली.

केबिन सांभाळणारा मुलगा मालवणकडचा निघाला. मी त्याला बाजूला घेतलं आणि खरं सांगून टाकलं. तो म्हणाला, "काका, आधी विचारायचं होतंत ना." एवढंच. ओरडला नाही. पंधरा मिनिटांत जहाजाचा टेक्निशियन आला, वायर नीट बसवली, नानांचा टीव्ही चालू केला. मी त्याला माझी अडचण सांगितली. कॅसेट, माई, वाढदिवस, नानांचे डोळे. तो म्हणाला, "केबिनच्या टीव्हीचं कुलूप उघडायची मला परवानगी नाही. पण उद्या दुपारी पत्ते खेळायची खोली रिकामी असते, तिथला टीव्ही साधा आहे. पाहुण्यांच्या काउंटरवर विचारा. तुमचं घरगुती शूटिंग असेल तर देतील. सिनेमा असेल तर नाही देणार." विचारलं. त्यांनी अर्धा तास दिला. वरून नानांच्या नावाचा केकही दिला.

तिसरा दिवस पूर्ण समुद्रात. दुपारी चार वाजता आम्ही अकरा जण त्या खोलीत. टेक्निशियनने टीव्ही चालू करून दिला. मी पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर अक्षरं आली, फाईल चालत नाही. पुन्हा फजिती! चूक माझी. पेनड्राइव्ह मी अशा पद्धतीने फॉरमॅट केला होता, जी विंडोजच्या कॉम्प्युटरला चालते, पण बऱ्याच टीव्हींना चालत नाही. टीव्हीला बहुतेक ठिकाणी 'फॅट 32' चालतं. त्यात एका फाईलला 4 जीबीची मर्यादा असते, म्हणून मोठं शूटिंग तुकडे करून ठेवायचं. फाईल एमपी-4, आणि आतला प्रकार एच.264 ठेवला तर जुना टीव्हीसुद्धा ती वाचतो. हे घरी स्वतःच्या टीव्हीवर एकदा लावून बघितलं असतं तर दहा मिनिटांत कळलं असतं.

नशीब, सौ.ने बॅगेत साडीच्या घडीत दोन मीटरची एचडीएमआय वायर ठेवली होती. ती म्हणते, मी विसरणार हे तिला माहीत होतं. वायर लॅपटॉपला लावली, टीव्हीवर इनपुट निवडलं, लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि पी हे अक्षर एकत्र दाबून 'डुप्लिकेट' केलं. चित्र आलं. आवाज मात्र लॅपटॉपमधूनच येत होता. घाबरू नका, असं होतं. खाली कोपऱ्यात स्पीकरचं चिन्ह दाबून तिथे टीव्हीचं नाव निवडायचं. आवाज टीव्हीवर गेला.

आणि पडद्यावर आपली सोसायटी आली. 2001 सालची. समोरचा रस्ता कच्चा, गुलमोहराचं रोप माझ्या कमरेएवढं, आताचे कार्यकारिणीचे दोन सदस्य अर्ध्या चड्डीत. (हशा) नाना पुढे सरकून अगदी पडद्याजवळ बसले. आरती झाली, प्रसाद झाला. मग विसर्जनानंतरचं दृश्य आलं. मंडप सोडतायत आणि माई पदर खोचून कॅमेऱ्यामागच्या नानांना ओरडतायत, "खुर्च्या मोजून घ्या हो! मंडपवाल्याच्या आहेत!"

खोलीत कोणी काही बोललं नाही. नाना पडद्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "मोजल्या होत्या गं. एक कमी भरली होती. तुला सांगितलं नाही."

मग ते हसले. मग आम्ही सगळे हसलो. सौ.ने मात्र चष्मा काढून पुसला. अर्धा तास झाला तरी त्या टेक्निशियनने काही म्हटलं नाही. दारातच उभा राहून बघत होता.

नंतर मला नानांनी विचारलं, "पहिल्या रात्री माझा टीव्ही तूच बिघडवलास ना?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मला वाटलंच. अडतीस वर्षांत तू न उघडता कधी टीव्ही परत दिला आहेस?"

असो. पुढच्या तुकडीसाठी थोडक्यात सांगतो. कार्यकारिणीने याचा कागद सूचनाफलकावर लावावा अशी विनंती.

एक. बुकिंग करतानाच विचारा की केबिनमधल्या टीव्हीला बाहेरची वस्तू जोडता येते का. काही जहाजांवर येते, कडेला एचडीएमआयचं भोक मोकळं असतं आणि रिमोटवर बटणही असतं. असेल तर आनंदाने वापरा. नसेल तर टीव्ही ओढू नका आणि मागची कुठलीही वायर काढू नका.

दोन. दोन मीटरची एचडीएमआय वायर न्या. एक मीटरची पुरत नाही, टीव्ही उंच असतो. लॅपटॉपला पूर्ण आकाराचं भोक आहे का ते बघा, काही लॅपटॉप आणि कॅमेऱ्यांना बारीक भोक असतं, त्याला वेगळी वायर लागते.

तीन. मोबाईल टीव्हीला जोडायचा असेल तर लक्षात ठेवा, टाईप-सी भोक असलं म्हणजे त्यातून चित्र बाहेर येतंच असं नाही. स्वस्तातल्या बऱ्याच मोबाईलमधून नुसतं चार्जिंग आणि फाईल जातात. आयफोनला 15 पासून टाईप-सी आहे, त्याआधीच्यांना वेगळी चपटी पिन लागते. दुकानातून वायर घेताना आपला मोबाईल तिथेच जोडून बघा. घरी आल्यावर भांडून उपयोग नाही.

चार. समुद्रात किनारा लांब गेला की आपलं नेटवर्क जातं. जहाजाचं वायफाय उपग्रहावरून येतं आणि त्याचे पैसे वेगळे. मोबाईल फ्लाईट मोडवर ठेवा, नाहीतर समुद्रातल्या रोमिंगचं बिल बघून चक्कर येईल. जे बघायचं ते घरून उतरवून न्या. पण अ‍ॅपमधून उतरवलेला सिनेमा काही वेळा वायरने टीव्हीवर जात नाही, नुसता काळा पडदा येतो. तो बिघाड नसतो, कॉपीराइटचं कुलूप असतं. आपलं घरगुती शूटिंग मात्र जातं.

पाच. पेनड्राइव्ह, लॅपटॉप, वायर, जे काही नेणार ते आधी घरच्या टीव्हीवर लावून बघा. आपल्या सभागृहातल्या या टीव्हीवरही बघता येईल. रविवारी सकाळी दहा ते बारा मी इथे असेन. माझ्या हाताला काम नाही आणि सौ.ला घरात मी नको आहे.

सहा. केबिन सांभाळणाऱ्या मुलाला आधी विचारा. त्याला ते करता येत नसेल, पण कोणाला येतं हे त्याला माहीत असतं.

शेवटी एक विनंती. आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या कॅसेट प्रत्येकाच्या माळ्यावर आहेत. लग्नं, बारशी, साठ्या, फडके रोडवरची शोभायात्रा, हळदीकुंकवं. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची मोठी कंपनी 2016 मध्ये थांबली. आता यंत्रं मिळत नाहीत, आणि पावसाळा दरवर्षी येतो. माझ्याकडे एक चालू व्हीसीआर आहे, तोवर आणून द्या. बुरशी लागलेली असली तरी आणा, फेकू नका. पैसे घेणार नाही. फक्त कॅसेटवर नाव लिहा आणि शक्य असेल तर काय आहे तेही लिहा. माईंनी लिहिलं होतं म्हणून ती सापडली.

आणि हो, नानांनी सांगितलंय की आज कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या मोजून घ्यायच्या. मंडपवाल्याच्या आहेत.